१.२५ ते १५ व्होल्ट, १ अँपिअर : एलएम३१७ वरच्या बेंच सप्लायच्या नोंदी

टेबलावर कायम ठेवायला एक साधा लिनिअर सप्लाय (जादा व्होल्टेज उष्णता करून टाकणारा आणि स्थिर डीसी देणारा) हवा होता. १.२५ ते १५ व्होल्ट, सलग १ अँपिअर, रेग्युलेटर (आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी) एलएम३१७. सर्किटमध्ये नवं काही नाही. हा आयसी बॉब डॉबकिन यांनी १९७६ साली केला आणि त्याच्या डेटाशीटमधलं सर्किटच मी उचललं आहे. तरी नोंदी ठेवल्या, कारण जवळजवळ सगळा त्रास चित्रात जिथे नुसती सरळ रेघ असते तिथून आला. कपॅसिटर, डायोड, आयसी बहुतेक वेळा निर्दोष निघाले. त्यांना जोडणाऱ्या तारा, सोल्डरचे डाग आणि स्क्रू यांनी वेळ खाल्ला.

स्विचिंग सप्लाय हलका असतो, थंड चालतो, हे मान्य. पण याच्यावर प्रीअँप (आवाजाचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि रेडिओची कामं करायची आहेत, तिथे स्विचिंगचा किलोहर्ट्झमधला कचरा नको.

४ जानेवारी : ट्रान्सफॉर्मर

९-०-९, २ अँपिअरचा घेतला. दोन टोकांमध्ये १८ व्होल्ट. मधला टॅप (० ची तार) आत्ता वापरत नाही, पण तो कापू नका, पुढे लागला.

हिशोब असा. १८ चं शिखर १.४१४ पट, म्हणजे २५.४ व्होल्ट. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे चार डायोड) एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, १ अँपिअरला ते दोघं मिळून २ व्होल्टच्या आसपास खातात. उरले २३.४. एलएम३१७ ला आउटपुटच्या वर निदान २ ते २.५ व्होल्ट लागतात, म्हणजे १५ साठी १७.५. मधले सहा व्होल्ट रिपलसाठी (कपॅसिटरनंतरही उरणारा व्होल्टेजचा चढउतार) आणि मेन्स (घरातली २३० व्होल्टची वीज) खाली येईल त्यासाठी राखीव. १२-०-१२ चा हाताशी होता, पण २४ चं शिखर ३४ जातं आणि तो सगळा फरक उष्णता होऊन आयसीच्या अंगावर येतो. म्हणून नाही.

ट्रान्सफॉर्मरवर २ अँपिअर लिहिलंय म्हणून डीसी २ अँपिअर मिळेल असं धरू नका. ब्रिजनंतर कपॅसिटर आला की प्रवाह सलग वाहत नाही. प्रत्येक अर्ध्या लाटेच्या शिखराजवळ दोन-तीन मिलिसेकंदांत तो एकदम ओढला जातो आणि बाकी वेळ वाइंडिंग रिकामं बसतं. डीसी बाजूला सरासरी १ अँपिअर असला, तरी वाइंडिंग तापवणारा आरएमएस प्रवाह १.६ ते १.८ अँपिअर भरतो. म्हणजे २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सलग १.१ ते १.२ अँपिअर डीसीचाच. मी १ वर थांबलो ते त्यामुळे.

६ जानेवारी : मेन्सची बाजू

स्विच, फ्यूज, प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची मेन्सकडची बाजू). फ्यूज लाइव्हमध्ये, स्विचच्या आधी. प्रत्येक उघड्या टोकावर स्लीव्ह. पत्र्याच्या कॅबिनेटला अर्थची तार स्वतंत्र बोल्टवर. झाकणाच्या स्क्रूवर दिलेली अर्थ झाकण काढलं की सुटते.

पहिली सुरुवात नेहमी सिरीज बल्बवर करतो. मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा जुना तंतूवाला बल्ब. चालू करताच तो एकदा लख्ख चमकतो आणि मग विझल्यासारखा होतो. ते कपॅसिटर भरल्याचं लक्षण. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा.

बल्बवर सगळं ठीक होतं. बल्ब काढून थेट मेन्स दिली आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. ३६ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला ०.१६ अँपिअर घेतो, फ्यूज २५० मिलिअँपिअरचा, मग जायला नको. शॉर्ट शोधण्यात संध्याकाळ गेली, शॉर्ट नव्हताच. फ्यूजच्या टोपीवर ‘एफ’ हे अक्षर होतं, म्हणजे झटपट जाणारा. चालू करण्याच्या क्षणी लाट कुठल्या बिंदूवर आहे यावर ट्रान्सफॉर्मर पहिल्या काही चक्रांत नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढतो, त्यात रिकामा कपॅसिटर म्हणजे त्या क्षणापुरता शॉर्टच. ‘टी’ अक्षराचा, उशिरा जाणारा २५० मिलिअँपिअरचा फ्यूज घातला. तो अजून तोच आहे.

११ जानेवारी : ब्रिज

आधी १एन४००७ हे डायोड चार लावून पाहिले. कागदावर चालायला हवेत, कारण प्रत्येक डायोडच्या वाट्याला सरासरी अर्धाच अँपिअर येतो आणि तो १ अँपिअरचा आहे. पण शिखराजवळचे झटके पाच-सहा अँपिअरचे असतात. पाऊण तासात डायोड बोट टेकवता येणार नाही इतके तापले आणि खालचा बोर्ड पिवळा पडला. १एन५४०८ लावले, ३ अँपिअरचे. चालू करतानाचा झटका १एन४००७ ३० अँपिअरपर्यंत सोसतो, १एन५४०८ २०० पर्यंत. उलट व्होल्टेजची काळजी इथे दोघांनाही नाही. ब्रिजमध्ये डायोडवर येणारा उलटा ताण शिखराएवढाच, म्हणजे २६-२७ व्होल्ट, आणि हे दोन्ही १००० व्होल्टचे.

एक अडचण : १एन५४०८ चे पाय सव्वा मिलिमीटर जाड, साध्या व्हेरोबोर्डच्या (भाग डाग देऊन बसवायचा तयार भोकांचा बोर्ड) भोकात जात नाहीत. भोकं १.५ च्या ड्रिलने मोठी केली. त्यात तांब्याचा पॅड अर्धा उडतो, म्हणून पाय वाकवून शेजारच्या दोन पॅडवर झोपवले. बोर्डापासून सेंटिमीटरभर वर ठेवा, हवा लागते.

कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, हाताशी होता तो. भाराशिवाय २६.९ व्होल्ट आले. हिशोबापेक्षा जास्त, पण ते साहजिक आहे : ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १८ हे पूर्ण भारावरचे असतात, मोकळा असताना तो २० च्या आसपास असतो.

१२ जानेवारी : २६.९ वर विश्वास ठेवल्याचं फळ

१० ओमचा भार लावणार होतो. पण कच्च्या २३ व्होल्टवर तो २ अँपिअर खाईल, म्हणून २२ ओम, ५० वॅट. पत्र्याच्या तुकड्यावर आवळला. भार लागताच व्होल्टेज १७ पर्यंत खाली आलं. अपेक्षा २१ ची होती.

ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला, कपॅसिटर बदलून पाहिला. दोन्हींत काही निघालं नाही. मग मीटर एसीवर ठेवून कपॅसिटरवरच्या रिपलची वारंवारता पाहिली. ५० हर्ट्झ! पूर्ण ब्रिजमधून १०० यायला हवेत (जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे १२०). म्हणजे लाटेचा एक अर्धा भाग येतच नव्हता. एक डायोड उघडा.

कुठला, हे शोधताना आणखी वेळ गेला, कारण डायोड मोडवर चारही चांगले दिसत होते. सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची १८ व्होल्टची बाजू) जोडलेली होती. वाइंडिंगचा रोध ओमाच्या आसपास, त्यामुळे ब्रिजची दोन्ही एसी टोकं मीटरच्या दृष्टीने एकच, आणि तुटलेल्या डायोडच्या जागी शेजारचा चांगला डायोड वाचला जातो. सेकंडरीची एक तार काढल्यावर तिसरा डायोड लगेच सापडला. डायोड शाबूत, डाग कोरडा. जाड पायाला २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता पुरलीच नव्हती; सोल्डर पायाभोवती चकचकीत गोळा होऊन बसलं होतं, आत धरलं नव्हतं. ६० वॅटने चारही डाग पुन्हा दिले.

भार नसताना कपॅसिटर एका अर्ध्या लाटेवरही शिखरापर्यंत भरतो आणि तिथेच राहतो. म्हणून मोकळ्या सप्लायचं व्होल्टेज बरोबर दिसणं हा पुरावा धरत नाही. इथून पुढच्या सगळ्या तपासण्या भार लावून.

(या ब्रिजला ग्रेट्झ ब्रिज म्हणतात, लिओ ग्रेट्झ यांच्यावरून. पेटंट मात्र कॅरोल पोलाक यांनी त्यांच्याआधी, १८९५ साली मागितलं होतं. नाव मागून आलेल्याचं लागलं.)

१८ जानेवारी : रेग्युलेटर बोर्डवर

एलएम३१७ चे पाय समोरून पाहताना डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ (ठरलेले ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) ची सवय असलेल्यांनी इथे थांबून पुन्हा वाचा, कारण त्याचे इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे आहेत. मागच्या पत्र्याचंही तसंच : ७८०५ मध्ये तो ग्राउंडला असतो, एलएम३१७ मध्ये आउटपुटला.

आयसी आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांत कायम १.२५ व्होल्ट राखतो, बाकी सगळं दोन रेझिस्टरवर. वरचा आर१ (आउटपुट ते अ‍ॅडजस्ट), खालचा आर२ (अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड; इथे पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). बहुतेक चित्रांत आर१ २४० ओम दिसतो. तो लावला आणि पॉट फिरवला तर भाराशिवाय आउटपुट सेटिंगच्या वर चढत होतं, भार लावला की जागेवर येत होतं. एलएम३१७ ला नियंत्रण टिकवायला किमान प्रवाह लागतो. नेहमीचा नमुना ३.५ मिलिअँपिअरवर समाधानी असतो, पण उत्पादक कमाल १० मिलिअँपिअर धरायला सांगतो. २४० ओममधून जेमतेम ५.२ वाहतात. १२० लावला, १०.४ झाले, चढणं थांबलं.

आर१ १२० असेल तर १५ व्होल्टला आर२ १३२० ओम हवा. २ किलोओमचा पॉट एकट्याने २२ व्होल्टपर्यंत नेला असता, म्हणून त्याला समांतर ३.९ किलोओम. दोघांचे मिळून १३२२. पॉट चांगला घ्या. घासलेल्या पॉटमध्ये सरकता संपर्क क्षणभर सुटला तर आर२ वाढतो, आणि आर२ वाढणं म्हणजे आउटपुट वर उसळणं. बिघाड व्हायचाच तर खालच्या दिशेने व्हावा, पण या सर्किटचा स्वभाव उलटा आहे. पॉटचा मधला पाय कडेच्या पायाला जोडून ठेवला. त्यामुळे संपर्क तुटला तरी उसळी १५ वर अडते.

इनपुटला आयसीच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरड, आउटपुटला १० मायक्रोफॅरड, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला १०. या शेवटच्याने रिपल दाबण्याची क्षमता ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे पाचपटीहून जास्त. इतक्या छोट्या भागाकडून यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

२५ जानेवारी : दुपारी ठीक, संध्याकाळी गुरगुर

बोर्ड टेबलावरच, १५ व्होल्ट, १ अँपिअर. दुपारी उत्तम. संध्याकाळी त्याच सेटिंगवर प्रीअँपमध्ये गुरगुर. मीटरवर आउटपुट १४.९३, इनपुट १८.६. इनपुट आउटपुटच्या साडेतीन व्होल्ट वर आहे, आयसीला दोन-अडीच लागतात, मग तक्रार कशाची?

मेन्स मोजली तर २०८ व्होल्ट. स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं उपकरण) लावला आणि उलगडा झाला. मीटरचे १८.६ ही सरासरी. खरं इनपुट २०.६ आणि १६.६ यांच्यामध्ये सेकंदाला शंभर वेळा खालीवर होत होतं. दरीच्या तळाशी, १६.६ वर, आयसीकडे दोनही व्होल्ट उरत नव्हते आणि आउटपुट तितकं खाली ओढलं जात होतं, १४.६ च्या आसपास. डीसी मीटर ते ०.०७ व्होल्टची किरकोळ घट म्हणून दाखवतो. सप्लाय जगतो की मरतो ते त्या दरीत ठरतं आणि डीसी मीटरला दरी दिसत नाही.

रिपलचा अंदाज : प्रवाह भागिले (१०० गुणिले कपॅसिटन्स). १ अँपिअर आणि २२०० मायक्रोफॅरडला ४.५ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडा कमी येतो, कारण कपॅसिटर पूर्ण दहा मिलिसेकंद रिकामा होत नाही, पुढचं शिखर आधीच भरायला लागतं. ४७०० टाकला. रिपल २ च्या आत आला, २०८ व्होल्टच्या मेन्सवर दरीचा तळ १८.६. गुरगुर गेली.

१०,००० का नाही टाकला? रिपल अजून अर्धा होईल, पण भरण्याचे झटके अरुंद आणि उंच होतात, डायोड आणि वाइंडिंग जास्त तापतात, चालू करतानाचा धक्का वाढतो. रेग्युलेटर पुढे असताना रिपल शून्य करण्यात अर्थ नाही, तळ सुरक्षित असला की पुरे. शिवाय इलेक्ट्रोलिटिकची किंमत ±२० टक्के असते, म्हणून ३३०० वरही थांबलो नाही. कपॅसिटर ५० व्होल्टचा घेतला. दुकानदार ३५ चा हमखास देतो आणि मोकळा असताना २६.९ ला तो पुरेसाही वाटतो, पण मेन्स दहा टक्के वर गेली की ३० च्या जवळ. एवढ्या काठावर कायम ठेवू नये.

स्कोप नसेल तर : मीटर एसी मिलिव्होल्टवर, प्रोबच्या वाटेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, पूर्ण भारावर आउटपुट मोजा. काही मीटर एसीवरही डीसी आत घेतात, म्हणून तो कपॅसिटर. एक-दोन मिलिव्होल्ट आले तर ठीक. शंभराच्या पुढे आकडा गेला तर सप्लाय दरीत पडतोय. आणि ही तपासणी मेन्स सर्वात खाली असते त्या वेळेला करा.

कपॅसिटरवर २.२ किलोओम, १ वॅटचा ब्लीडर. बंद केल्यावर मिनिटभरात रिकामा होतो.

१ फेब्रुवारी : कॅबिनेटमध्ये, आणि दोन नवे आजार

बोर्डवर सगळं निर्मळ चालत होतं. तेच भाग कॅबिनेटमध्ये बसवल्यावर आउटपुट अचानक शून्य झालं, तेही फक्त स्कोपची क्लिप लावली की.

हीटसिंक (आयसीची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) कॅबिनेटच्या पाठीवर. आयसीखाली मायका (वीज अडवणारा पातळ थर) होता, दोन्ही बाजूंना पेस्ट होती. पण स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश (स्क्रू पत्र्यापासून सुटा ठेवणारी नळी) नव्हता. मागचा पत्रा आउटपुटला, पत्र्यातून स्क्रू, स्क्रूतून हीटसिंक, तिथून कॅबिनेट, कॅबिनेटमधून अर्थ. सप्लायचं निगेटिव्ह अर्थपासून सुटं ठेवलेलं असल्यामुळे मंडळ पूर्ण होत नव्हतं आणि काहीच दिसत नव्हतं. स्कोपच्या प्रोबची क्लिप अर्थला असते. ती निगेटिव्हला लावताच आउटपुट थेट शॉर्ट. आयसीची आतली मर्यादा होती म्हणून तो वाचला, आणि प्रोबची बारीक तारही वाचली. बुश घातला. बसवल्यावर वीज देण्याआधी आयसीचा पत्रा ते हीटसिंक मीटरने तपासणं आता यादीत आहे.

दुसरा आजार जास्त चिवट. १ अँपिअरला आउटपुटवर ६० मिलिव्होल्टचे टोकदार काटे, सेकंदाला शंभर. दरी नव्हती, तळ १८ च्या वर होता. अ‍ॅडजस्टचा कपॅसिटर बदलला, आउटपुटचा वाढवला, फरक नाही. आयसी बदलला, फरक नाही. मग हिशोबच केला : इनपुटला २ व्होल्ट रिपल, आयसी ८० डेसिबल म्हणजे दहा हजार पटीने दाबतो, उरायला हवेत ०.२ मिलिव्होल्ट. ६० ही त्याच्या तीनशे पट. इतकं आयसीमधून गळूच शकत नाही. मग ते त्याला वळसा घालून येतंय.

वळसा सापडला तो काळ्या तारेत. ब्रिजचं निगेटिव्ह आणि कपॅसिटरचं निगेटिव्ह यांना जोडणारी एक वीतभर तार होती. पॉटचं खालचं टोक सोयीचं म्हणून ब्रिजकडच्या टोकावर टेकवलं होतं, आउटपुटचं निगेटिव्ह कपॅसिटरकडून घेतलं होतं. त्या तारेतून भरण्याचे झटके जातात, पाच-सहा अँपिअरचे. तारेचा रोध ०.०१ ओम धरला तरी ५० ते ६० मिलिव्होल्ट. आयसी आपलं काम चोख करत होता, पण ज्याला तो शून्य समजत होता ते शून्यच सेकंदाला शंभर वेळा हलत होतं. स्वच्छ रेग्युलेशन, डुगडुगत्या पायावर.

दुरुस्ती तारांची. ब्रिजचं निगेटिव्ह जाड तारेने थेट कपॅसिटरच्या पायावर, आणि त्या तारेवर दुसरं काहीही जोडायचं नाही. बाकी सगळी ग्राउंड कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावरून पुढे. पॉटचं खालचं टोक आउटपुटच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. काटे २ मिलिव्होल्टच्या आत आले. एकही भाग बदलावा लागला नाही. बदललेले सगळे चांगलेच होते, ते परत डब्यात गेले.

२ फेब्रुवारी : १५ चे १४.६४

भाराशिवाय १५.००, १ अँपिअरला १४.६४. बोर्डवर असताना ही घट नव्हती. कॅबिनेटमध्ये पॉट समोरच्या पॅनेलवर गेला आणि त्याच्या सोबत आर१ पण तिथेच, आउटपुट टर्मिनलच्या पाठीवर लावला. आयसी मागे, टर्मिनल पुढे, मध्ये बारीक तार. मोजली तर १ अँपिअरला तीत ०.०३ व्होल्ट पडत होते.

०.०३ चे ०.३६ कसे झाले? आयसी स्वतःच्या आउटपुट पायापासून अ‍ॅडजस्टपर्यंत १.२५ राखतो. त्यातले ०.०३ तारेने खाल्ले, आर१ वर १.२२ उरले, आणि दोन रेझिस्टर त्या १.२२ ची बारापट करून आउटपुट ठरवतात. तारेतली घट बारापट होऊन बाहेर येते. व्होल्टेज कमी सेट केलं की ही पट कमी होते, म्हणून ५ व्होल्टला दोष फारसा जाणवला नव्हता.

आर१ उचलून आयसीच्या दोन पायांवरच डाग दिला. घट ०.०५ वर आली. मग पुढे जाणारी तार जाड केली, ०.०३.

८ फेब्रुवारी : ५ व्होल्टला भट्टी

आतापर्यंतच्या चाचण्या १५ वर. ५ व्होल्ट, १ अँपिअर ठेवलं तर काही मिनिटांत आउटपुट खाली गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. आयसीचं आतलं तापमान-संरक्षण. हिशोब उघड आहे : इनपुट सरासरी २२, आउटपुट ५, फरक १७, गुणिले १ अँपिअर, १७ वॅट. आयसीच्या आतून पत्र्यापर्यंत साधारण ५ अंश प्रति वॅट, मायका-पेस्ट १, माझा हीटसिंक ४. एकूण १०. म्हणजे १७ वॅटला १७० अंशांची वाढ. सभोवती ३५ अंश धरले आणि आत १२५ ही हद्द, तर हा हीटसिंक फक्त ९ वॅटचा.

इथे मधला टॅप कामाला आला. ब्रिजची एक तार वाइंडिंगच्या टोकावरून किंवा मधल्या टॅपवरून घेणारा टॉगल, संपर्क ३ अँपिअरचे. खालच्या रेंजमध्ये ९ व्होल्ट, शिखर १२.७, डायोडनंतर १०.७. ५ व्होल्टला आता ५ वॅटच्या आत. पण ही रेंज ५ च्या वर फार जात नाही : दरीचा तळ ८.६, आयसीचे दोन-अडीच वजा, सहाच्या वर १ अँपिअरला दरी सुरू. मेन्स खाली असेल तर ५ ला सुद्धा काठावर.

मधली जागा मात्र सुटलेली नाही. वरच्या रेंजमध्ये पूर्ण १ अँपिअर फक्त १३ च्या वर. ९ व्होल्टला ०.७, ६ ला अर्धा अँपिअर. हे आकडे पॅनेलवर चिकटवले आहेत. एलएम३१७ वर ‘दीड अँपिअर’ लिहिलेलं असतं ते उष्णता वाहून नेली तर. या अटीशिवाय तो आकडा वाचण्यात काही राम नाही.

१५ फेब्रुवारी : उलट येणारा प्रवाह

या सप्लायवर १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होणार आहे. मेन्स गेली तर बॅटरी आउटपुटकडून इनपुटकडे आयसीमधून ढकलेल आणि तो मरेल. म्हणून १एन५४०८, आउटपुटपासून इनपुटकडे, डायोडवरची पट्टी इनपुटकडे. दुसरा १एन४००७ अ‍ॅडजस्टपासून आउटपुटकडे, पट्टी आउटपुटकडे. आउटपुट शॉर्ट झालं तर अ‍ॅडजस्टचा १० मायक्रोफॅरड यातून रिकामा होतो, आयसीच्या आतून होत नाही. तिसरा टर्मिनलवर उलटा, पट्टी पॉझिटिव्हकडे, बॅटरी उलटी लागली तर. पण तिसऱ्याला बॅटरीच्या तारेत २ अँपिअरचा फ्यूज लागतोच, नाहीतर आधी डायोड वितळतो.

पहिल्या डायोडचा एक परिणाम : मेन्स गेल्यावर बॅटरी त्यातून कपॅसिटर आणि ब्लीडर पोसत राहते, ५ मिलिअँपिअर. रात्रभर लावून ठेवू नये.

१६ फेब्रुवारी : शेवटची मोजमापं

१५ व्होल्ट : मोकळा १५.०२, १ अँपिअरला १४.९९. ५ व्होल्ट, खालची रेंज : ५.०१ ते ४.९९. आउटपुटवरचा रिपल दोन्हीकडे १ ते २ मिलिव्होल्ट. १५ व्होल्ट १ अँपिअरवर तासभर ठेवल्यावर हीटसिंक हात ठेवता येईल इतका, ट्रान्सफॉर्मर त्याहून गरम. प्रीअँप शांत.

राहिलेलं काम : प्रवाहाची बदलती मर्यादा. एलएम३१७ ची स्वतःची मर्यादा दीड-दोन अँपिअरची, नाजूक सर्किटला तिचा उपयोग नाही. त्यासाठी पुढे आणखी एक एलएम३१७ स्थिर-प्रवाह पद्धतीने लावता येतो, पण तो आणखी सव्वातीन व्होल्ट खातो आणि १८ व्होल्टच्या वाइंडिंगमध्ये तेवढी जागा नाही. १५ चा हट्ट सोडून १२ वर आलो तरच जमेल.